बारावीचं जीवशास्त्र: धडा, आकृती, संकर, स्लाइड आणि उत्तरपत्रिका

हृदयाचा ‘लब्’ हा आवाज झडपा उघडताना येतो की मिटताना? धडा तीनदा वाचलेली मुलंही इथे अडखळतात. हृदयातला दाब कुठे कधी वाढतो आणि कधी उतरतो हे ज्यानं एकदा कागदावर मांडलं आहे, त्याला मात्र उत्तर आठवावं लागत नाही, काढता येतं. बारावीच्या जीवशास्त्रातले बहुतेक धडे याच जातीचे आहेत. नावं आणि आकडे पाठ करावेच लागतात, त्यातून सुटका नाही. पण कशामुळे काय घडतं याचा क्रम आधी पक्का झाला, तरच ती नावं परीक्षेत वेळेवर सुचतात. म्हणून हा विषय वाचत बसण्यापेक्षा लिहून, काढून आणि हाताळून शिकावा.

खालची पद्धत महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीसाठी लिहिली आहे. सीबीएसईच्या मुलांनाही धड्यांचे क्रमांक सोडले तर बाकी सगळं लागू पडेल.

धडे कोणत्या क्रमानं घ्यायचे

मंडळाच्या पुस्तकात १५ धडे आहेत. कॉलेजात ते ज्या क्रमानं शिकवले जातात, त्याच क्रमानं घरी अभ्यास करायची गरज नाही. आनुवंशिकतेचा तिसरा धडा, डीएनएचा चौथा आणि जैवतंत्रज्ञानाचा बारावा हे एकामागोमाग घ्या. रेस्ट्रिक्शन एन्झाइम डीएनए कुठे कापतं हे समजायला डीएनएच्या दोन धाग्यांची उलट दिशा डोळ्यासमोर असावी लागते. चौथा धडा केल्यावर पाच महिन्यांनी बारावा उघडला, तर ती दिशा विसरलेली असते. सहावा आणि सातवा हे वनस्पतींचे धडे एकत्र, आठवा आणि नववा हे शरीरक्रियेचे एकत्र, आणि शेवटचे तीन परिसंस्थेचे एका दमात.

त्याआधी अकरावीचे तीन धडे परत उघडा: पेशीची रचना, जैवरेणू आणि पेशीविभाजन. हे टाळून मेंडेलकडे गेलात, तर विभक्तीकरणाचा नियम नुसता एक वाक्य म्हणून पाठ होतो. मिऑसिसच्या (अर्धसूत्री विभाजनाच्या) पहिल्या अॅनाफेजमध्ये समजात क्रोमोसोम वेगळे होतात. जोडीतली दोन अॅलील्स, म्हणजे एकाच जनुकाची दोन रूपं, वेगवेगळ्या युग्मकांत (प्रजननपेशींत) जातात ती त्यामुळेच. हा दुवा जुळला की मेंडेलचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना अकरावीत पहिला धक्का बसतो तो इंग्रजी पुस्तकाचा. विषय अवघड नसतो, ओळखीची गोष्ट अनोळखी नावानं समोर येते. वहीच्या शेवटच्या दहा पानांवर तीन रकाने आखा. पहिल्यात दहावीतला शब्द, दुसऱ्यात इंग्रजी शब्द अचूक स्पेलिंगसह, तिसऱ्यात एका ओळीत अर्थ. तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, विकर म्हणजे एन्झाइम, संप्रेरक म्हणजे हार्मोन, परासरण म्हणजे ऑस्मोसिस, सूत्री विभाजन म्हणजे मायटोसिस. धडा शिकवला त्याच दिवशी हे भरायचं, सुटीसाठी साठवायचं नाही. सोबत पंधरा-वीस उपसर्ग-प्रत्यय शिकून घ्या: ‘एंडो’ आतला, ‘पेरी’ भोवतालचा, ‘मेसो’ मधला, ‘साइट’ पेशी, ‘लायसिस’ फोडणं, ‘ब्लास्ट’ घडवणारी पेशी, ‘क्लास्ट’ मोडणारी पेशी. मग ऑस्टिओब्लास्ट आणि ऑस्टिओक्लास्ट यांत हाड कोण बांधतं आणि कोण मोडतं, हा गोंधळ होत नाही. स्पेलिंगकडे खास लक्ष द्या. मायटोसिस-मिऑसिस, युरेटर-युरेथ्रा, कंबरेच्या हाडातला इलियम आणि आतड्यातला इलियम या जोड्यांत एखादं अक्षर चुकलं की उत्तराचा अर्थच बदलतो.

एक धडा चार बैठकांत

पहिली बैठक अर्ध्या तासाची. धडा वाचायचा नाही. फक्त मथळे, आकृत्या, आकृत्यांखालच्या ओळी आणि शेवटचे प्रश्न बघायचे. धडा काय विचारणार आहे हे आधी कळलं की वाचताना नजर नेमक्या जागी थांबते.

दुसऱ्या बैठकीत पेन्सिल घेऊन वाचा आणि प्रत्येक प्रक्रियेसाठी कोऱ्या कागदावर ‘हे घडलं, म्हणून ते घडलं’ अशी साखळी लिहा. हृदयाचं चक्र घेऊन ती कशी दिसते ते पाहू.

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे एट्रियम, खालचे दोन व्हेंट्रिकल. ठोका सुरू करणारा एसए नोड उजव्या एट्रियमच्या भिंतीत, सुपिरिअर व्हेना कॅव्हाच्या मुखाजवळ असतो. तिथून निघालेला आवेग दोन्ही एट्रियममध्ये पसरतो, म्हणून ती आकुंचन पावतात: ०.१ सेकंद. आवेग एव्ही नोडपाशी जरा रेंगाळतो, म्हणून एट्रियम रिकामी व्हायला सवड मिळते. पुढे तो बंडल ऑफ हिस आणि पर्किंजे तंतूंमधून व्हेंट्रिकलच्या टोकाकडे जातो, म्हणून आकुंचन खालून वर होतं आणि रक्त महाधमनी व फुप्फुसधमनीकडे ढकललं जातं: ०.३ सेकंद. या आकुंचनाच्या सुरुवातीलाच व्हेंट्रिकलमधला दाब एट्रियमपेक्षा जास्त होतो, म्हणून ट्रायकस्पिड आणि बायकस्पिड झडपा मिटतात. त्या मिटण्याचा आवाज ‘लब्’. दाब आणखी वाढून धमनीतल्या दाबापेक्षा जास्त झाला की अर्धचंद्राकृती झडपा उघडतात, त्यांचा आवाज येत नाही. व्हेंट्रिकल सैल पडली की दाब उतरतो, धमनीतलं रक्त मागे यायला बघतं, अर्धचंद्राकृती झडपा मिटतात: ‘डब्’. नंतर ०.४ सेकंद चारही कप्पे सैल असतात. एकूण ०.८ सेकंद.

साखळीच्या शेजारी आकड्यांचा ताळा करून ठेवा. ठोका ०.८ सेकंदाचा असेल तर मिनिटाला ७५ ठोके होतात, पण पुस्तकं ७२ म्हणतात. ६० ला ७२ नं भागलं तर ०.८३ येतं. ०.८ हा सोयीसाठी पूर्ण केलेला आकडा आहे, पुस्तकात चूक नाही. ७२ ठोके आणि दर ठोक्याला ७० मिलिलिटर रक्त, म्हणजे मिनिटाला ५,०४० मिलिलिटर. ‘कार्डिअॅक आउटपुट सुमारे ५ लिटर’ हे वाक्य यापुढे वेगळं पाठ करायचं कारण नाही. ईसीजी याच कागदावर बसवा: पी तरंग एट्रियमच्या डीपोलरायझेशनचा (आकुंचनाआधीच्या विद्युत बदलाचा), क्यूआरएस व्हेंट्रिकलच्या डीपोलरायझेशनचा, टी व्हेंट्रिकलच्या रीपोलरायझेशनचा (पूर्वस्थितीला येण्याचा). एट्रियमचं रीपोलरायझेशन क्यूआरएसमध्ये झाकलं जातं, म्हणून त्याचा वेगळा तरंग दिसत नाही. हाही प्रश्न विचारला जातो.

तिसरी बैठक पुस्तक बंद ठेवून. साखळी आठवून लिहा, मग पुस्तकाशी ताडून चुकलेलं लाल पेनानं दुरुस्त करा. ही बैठक सगळ्यात नकोशी वाटते आणि सगळ्यात उपयोगी हीच आहे. रंगीत हायलायटरनं पानं भरण्यात वेळ जातो. ओळखीचं पान बघून ‘हे मला येतं’ असं वाटतं, पण ओळखणं आणि कोऱ्या कागदावर लिहिता येणं यात बरंच अंतर आहे.

चौथी बैठक प्रश्नांची. इथे साखळीतली एक कडी मुद्दाम तोडून बघा. लॅक ऑपेरॉनमध्ये, म्हणजे जिवाणूतल्या लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांच्या गटात, लॅक्टोज नसेल तर रिप्रेसर हे प्रथिन ऑपरेटर या डीएनएच्या तुकड्यावर बसतं आणि आरएनए पॉलिमरेज पुढे जाऊ शकत नाही. लॅक्टोज आलं की त्यापासून बनलेलं अॅलोलॅक्टोज रिप्रेसरला चिकटतं, त्याचा आकार बदलतो, ते ऑपरेटरवरून सुटतं आणि झेड, वाय, ए या जनुकांचं लेखन सुरू होतं. आता स्वतःला विचारा: रिप्रेसर बनवणारं आय जनुक निकामी झालं तर? ऑपरेटरचा क्रम असा बदलला की रिप्रेसर बसूच शकत नाही, तर? दोन्ही वेळा लॅक्टोज असो वा नसो, एन्झाइम बनत राहतील. हे उत्तर पुस्तक न उघडता देता आलं, तर ऑपेरॉन समजला.

आकृती काढणं ही परीक्षेची नाही, समजण्याची पायरी

आकृत्या पाहून शिकता येत नाहीत. हातानं काढल्या की कुठला भाग कशाला लागून आहे हे कळतं. अॅनाट्रोपस बीजांडाचा उभा छेद घ्या. या बीजांडाचं शरीर १८० अंशांत उलटं वळलेलं असतं, त्यामुळे बीजरंध्र खाली, नाभीच्या अगदी शेजारी येतं आणि चलाझा, म्हणजे बीजांडाचा तळ, वरच्या टोकाला जातो. अर्धेअधिक विद्यार्थी बीजरंध्र वर काढतात आणि मग सगळी नावं उलटी पडतात.

काढायचा क्रम असा ठेवा. आधी एचबी पेन्सिलीनं बाहेरचं अंडाकृती आवरण, खालच्या बाजूला छोटी फट (हेच बीजरंध्र) सोडून. मग त्याच्या आत दुसरं आवरण, फट त्याच जागी. बाजूनं वर चढणारा देठ म्हणजे फ्युनिकल. तो बीजांडाच्या शरीराला जिथे चिकटतो तिथे हायलम, म्हणजेच नाभी. आत न्यूसेलस, त्यात भ्रूणकोश. भ्रूणकोशात फटीच्या बाजूला तीन पेशी: मधली अंडपेशी आणि दोन सिनर्जिड. चलाझाच्या बाजूला तीन अँटिपोडल. मध्ये दोन ध्रुवीय केंद्रकं. सात पेशी आणि आठ केंद्रकं ही गोष्ट चित्रात मोजून बघा. परागनलिका बीजरंध्रातून येते, म्हणून अंडपेशी तिकडे असते. एक पुंयुग्मक अंडपेशीशी, दुसरं ध्रुवीय केंद्रकांशी एकत्र येतं. म्हणून भ्रूण द्विगुणित आणि एंडोस्पर्म त्रिगुणित. भाताच्या पेशीत २४ क्रोमोसोम असतात, तर त्याच्या अंडपेशीत १२ आणि एंडोस्पर्ममध्ये ३६. या आकृतीवरून अशी तीन-चार गणितं सुटतात.

नावांच्या रेघा पट्टीनं, आडव्या, शक्यतो उजव्या बाजूला, एकमेकींना न छेदणाऱ्या. रेघेचं टोक नेमकं त्या भागाला टेकलं पाहिजे, हवेत थांबलेली रेघ गुण घालवते. छायांकन आणि रंग नकोत. हृदयाच्या आकृतीत डावं व्हेंट्रिकल तुमच्या उजव्या हाताला येतं आणि त्याची भिंत उजव्यापेक्षा ठळकपणे जाड दाखवावी लागते. दोन्ही भिंती सारख्या काढल्या तर ते अज्ञान आहे, हे परीक्षकाला लगेच दिसतं. पाच मिनिटांत नावांसकट पूर्ण होईपर्यंत प्रत्येक महत्त्वाची आकृती घड्याळ लावून काढा. एका वेळी दहा आकृत्या काढण्यापेक्षा रोज दोन काढलेल्या जास्त टिकतात.

संकराची गणितं

आनुवंशिकतेच्या धड्यात हक्काचे गुण आहेत, पण पायरी गाळली की ते जातात. पायऱ्या पाचच.

पहिली: अक्षर निवडा. सी, एस आणि डब्ल्यू टाळा, कारण त्यांची मोठी आणि लहान लिपी हातानं लिहिताना सारखीच दिसते. टी, आर, वाय, ए, बी बरी. दुसरी: प्रश्नातल्या शब्दांवरून जनकांचं जनुकरूप (जनुकांची अक्षरजोडी) लिहा. ‘शुद्ध’ शब्द आहे का, संततीत अप्रभावी लक्षण दिसलंय का, हे बघा. उंच झाडाला एक जरी बुटकं रोप झालं, तर ते उंच झाड विषमयुग्मीच, म्हणजे जोडीतली दोन अक्षरं वेगळी असलेलं. तिसरी: युग्मकं लिहा. विषमयुग्मी जोड्यांची संख्या जितकी, तितक्या वेळा २ चा गुणाकार. दोन जोड्यांना चार युग्मकं, तीन जोड्यांना आठ. सगळ्यात जास्त चुका इथे होतात: एकाच युग्मकात त्याच जोडीची दोन्ही अॅलील्स लिहिली जातात. प्रत्येक युग्मकात प्रत्येक जोडीतलं एक आणि एकच अक्षर हवं. चौथी: चौकट. पाचवी: प्रश्नानं विचारलेल्या शब्दांत उत्तर. दृश्यरूपाचं (दिसणाऱ्या लक्षणाचं) गुणोत्तर विचारलं असेल तर जनुकरूपाचं देऊन चालत नाही.

९:३:३:१ पाठ असतं, पण ते कुठून आलं हे मेंडेलच्या स्वतःच्या आकड्यांवर तपासून बघण्यासारखं आहे. १८६६ साली छापलेल्या निबंधातल्या द्विसंकरात त्याला दुसऱ्या पिढीत ५५६ बिया मिळाल्या: ३१५ गोल पिवळ्या, १०८ गोल हिरव्या, १०१ सुरकुतलेल्या पिवळ्या, ३२ सुरकुतलेल्या हिरव्या. ५५६ ला १६ नं भागा, ३४.७५ येतात. त्याची नऊपट ३१२.७५, तिप्पट १०४.२५. मिळालेले आकडे याच्या किती जवळ आहेत ते दिसेल. आता गोल आणि सुरकुतलेल्या वेगळ्या मोजा: ४२३ आणि १३३, म्हणजे जवळपास ३:१. पिवळ्या ४१६ आणि हिरव्या १४०, पुन्हा जवळपास ३:१. दोन ३:१ एकमेकांना गुणले की ९:३:३:१ येतं. स्वतंत्र वर्गीकरणाचा नियम म्हणजे हाच गुणाकार.

हे लक्षात आलं की मोठ्या चौकटींची गरज उरत नाही. तिन्ही जोड्या विषमयुग्मी असलेल्या दोन झाडांच्या संकरात, पहिल्या दोन जोड्या शुद्ध अप्रभावी आणि तिसरी विषमयुग्मी अशी संतती किती? चौसष्ट घरं भरू नका. १/४ गुणिले १/४ गुणिले १/२, म्हणजे १/३२.

अपूर्ण प्रभावितेसाठी पुस्तकातलं उदाहरण गुलबाक्षीचं आहे. लाल आणि पांढऱ्याचा संकर गुलाबी, आणि दुसऱ्या पिढीत १ लाल, २ गुलाबी, १ पांढरी. इथे दृश्यरूप आणि जनुकरूप यांचं गुणोत्तर एकच असतं, हे वाक्य उत्तरात लिहायलाच हवं.

रंगांधळेपणाच्या गणितात भाषेनं चूक होते. वाहक स्त्री आणि सामान्य पुरुष यांच्या मुलग्यांपैकी निम्म्यांना रंगांधळेपणाची शक्यता, मुलींपैकी कुणालाही नाही, पण निम्म्या वाहक असू शकतात. सगळ्या अपत्यांत मोजलं तर रंगांधळी २५ टक्के. प्रश्नात ‘मुलगे’ विचारलेत की ‘अपत्यं’, ते अधोरेखित करून मगच लिहा. रक्तगटाच्या गणितात ए गटाचे वडील, बी गटाची आई आणि ओ गटाचं मूल दिलं, तर दोघंही विषमयुग्मी हे आधी सिद्ध करा. पुढच्या अपत्याचा गट ओ असण्याची शक्यता १/४ राहते. पहिलं मूल ओ आहे म्हणून ती कमी होत नाही.

प्रयोगशाळेत काय बिघडतं आणि का

प्रात्यक्षिकाला ३० गुण आहेत आणि ते सहसा सहज मिळतात, म्हणून मुलं प्रयोगशाळेतला वेळ जर्नल उतरवण्यात घालवतात. ही मोठी हानी आहे. तीन प्रयोग तरी स्वतःच्या हातानं, नीट करा.

कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड. तीन-चार कांदे घ्या, सगळ्यांना मुळं फुटतीलच असं नाही. वाळलेली जुनी मुळं ब्लेडनं खरवडा, पण खालची चकती कापू नका, नवी मुळं तिच्यातूनच येतात. काचेच्या बरणीच्या तोंडावर कांदा असा बसवा की चकती पाण्याला जेमतेम टेकेल. पाणी रोज बदला, नाहीतर कांदा कुजतो. चार-सहा दिवसांत मुळं २ ते ३ सेंटिमीटर झाली की सकाळी ८ ते १० च्या दरम्यान टोकं कापा. ती एक भाग ग्लेशियल अॅसेटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोल यांच्या मिश्रणात २४ तास ठेवा, नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये. या मिश्रणात विभाजन जिथल्या तिथे थांबतं. म्हणून ताजं मिश्रण वापरायचं आणि कापल्याबरोबर टोकं त्यात टाकायची.

स्लाइडवर टोक ठेवून एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब आणि अॅसिटोकार्मिनचे दोन-तीन थेंब टाका. स्पिरिटच्या दिव्यावर स्लाइड हलकी फिरवत गरम करा. तळहातामागे टेकवल्यावर सोसवेल इतपतच, उकळू द्यायचं नाही. पाच ते दहा मिनिटं थांबा, जास्तीचा रंग टिपकागदानं टिपा. टोकाचा जास्त गडद झालेला २-३ मिलिमीटरचा भाग ठेवून बाकीचं फेकून द्या. पाण्याचा थेंब टाका, कव्हरस्लिप ४५ अंशांत टेकवत सोडा म्हणजे बुडबुडे येणार नाहीत. नीडलच्या मागच्या टोकानं हळू ठोका, मग टिपकागदात धरून अंगठ्यानं सरळ खाली दाबा. अंगठा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात.

लांबट पेशीच दिसत असतील तर टोकाच्या वरचा, वाढीचा भाग घेतला गेलाय. पेशी एकावर एक चढलेल्या असतील तर आम्लाचं काम अपुरं झालं किंवा ठोकणं कमी पडलं. सगळं फिकट असेल तर रंगाला वेळ मिळालेला नाही. दहा मिनिटं शोधूनही विभाजन दिसत नसेल तर मुळं जून झालेली आहेत, नवी घ्या. बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच दिसतील, ते बरोबर आहे, कारण पेशीचा बहुतांश वेळ त्याच अवस्थेत जातो. एका दृश्यक्षेत्रातल्या सगळ्या पेशी आणि विभाजित होणाऱ्या पेशी मोजून टक्केवारी काढा. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात: कांद्यात क्रोमोसोम १६, सेंट्रिओल नसतात, आणि विभाजनाच्या शेवटी मध्यापासून बाहेर पेशीपटल तयार होतं.

प्लाझ्मोलिसिससाठी, म्हणजे पाणी गेल्यानं पेशीतला भाग भिंतीपासून सुटताना बघायला, रिओ या शोभेच्या झाडाची जांभळी पाठ असलेली पानं उत्तम, रंगामुळे पेशीतला बदल वेगळ्या रंगाशिवाय दिसतो. पान तिरकं फाडून पाठीचा पातळ पापुद्रा पाण्याच्या थेंबात सपाट पसरा. आधी सामान्य पेशी बघून घ्या. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ घातलेल्या द्रावणाचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा, म्हणजे तीच पेशी बदलताना दिसेल. काही मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटून आत गोळा होतो. त्याच पद्धतीनं पाणी सोडलं की पूर्ववत होतो. फार वेळ मिठात ठेवलं तर पेशी मरतात आणि परतत नाहीत. सुरुवातीपासूनच रंगहीन असलेल्या पेशी पापुद्रा काढतानाच फुटलेल्या असतात, त्यांच्याकडे बघू नका. सुटलेल्या मोकळ्या जागेत काय असतं, हा तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न. उत्तर: बाहेरचं मीठपाणी, कारण पेशीभित्तिका सगळंच आत येऊ देते. सहाव्या धड्यातलं सूत्र इथेच जोडा: डीपीडी (पेशीची पाणी ओढण्याची ताकद) म्हणजे परासरण दाब वजा टर्गर दाब (आतल्या पाण्याचा भिंतीवरचा दाब). प्लाझ्मोलिसिस झालेल्या पेशीत टर्गर दाब शून्य, म्हणून डीपीडी परासरण दाबाइतका. पूर्ण फुगलेल्या पेशीत दोन्ही दाब सारखे, म्हणून डीपीडी शून्य.

परागकण रुजवायला नुकतं उमललेलं सदाफुलीचं फूल घ्या. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम साखर, १० मिलिग्रॅम बोरिक आम्ल, ३० मिलिग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, २० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि १० मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट. थेंबात पराग झटकून अर्ध्या तासानं बघा. नलिका परागकणाच्या व्यासाइतकी लांब झाली तरच तो रुजला असं धरा. पराग फुटलेले दिसले तर द्रावण पातळ आहे, पाणी आत शिरून ते फुगून फुटतात. शिळं फूल घेतलं तर काहीच होत नाही.

उजळणी आणि प्रवेशपरीक्षा

बंद पुस्तकाची तिसरी बैठक त्याच धड्यासाठी तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी परत करा. दर वेळी आधीचा लाल पेनाचा कागद समोर नको. लिहून झाल्यावरच तो काढायचा.

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत जीवशास्त्राचे ९० प्रश्न, ७२० पैकी ३६० गुण, बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १. तिथे एनसीईआरटीची ओळ न ओळ लागते, मंडळाचं पुस्तक पुरत नाही. धड्यांची वाटणीही वेगळी आहे. श्वसन आणि रक्ताभिसरण मंडळाच्या बारावीत आहे, एनसीईआरटीच्या अकरावीत. एमएचटी-सीईटीत मात्र मंडळाचंच पुस्तक मुख्य, अकरावीचा वाटा सुमारे २० टक्के, आणि उणे गुण नाहीत, म्हणून तिथे एकही प्रश्न रिकामा सोडू नये. सोपी वाट अशी: साखळ्या आणि आकृत्या मंडळाच्या पुस्तकावरून तयार करा, मग एनसीईआरटीतला तोच विषय वाचून जादाची उदाहरणं आणि शास्त्रीय नावं त्याच कागदावर वेगळ्या शाईनं घाला. दोन वेगळ्या वह्या ठेवल्या की एक अर्धवट राहतेच.

पेपरचे तीन तास

लेखी ७० गुणांची. अ विभागात १० बहुपर्यायी आणि एकेका गुणाचे ८ प्रश्न, ब विभागात १२ पैकी ८ प्रत्येकी २ गुणांचे, क विभागात १२ पैकी ८ प्रत्येकी ३ गुणांचे, ड विभागात ५ पैकी ३ प्रत्येकी ४ गुणांचे. बहुपर्यायी प्रश्नाला पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहा. पहिलाच प्रयत्न तपासला जातो, खोडून दुसरं लिहिलेलं नाही.

वेळ असा वाटा: बहुपर्यायी १० मिनिटं, एका गुणाचे १२, ब विभागात प्रत्येकी ५ म्हणजे ४०, क विभागात प्रत्येकी ८ म्हणजे ६४, ड विभागात प्रत्येकी १२ म्हणजे ३६. एकूण १६२. सवय व्हावी म्हणून निदान पाच जुने पेपर याच वाटणीनं, घरी एका बैठकीत सोडवा.

तीन गुणांच्या प्रश्नाला तीन वेगळे मुद्दे किंवा आकृती अधिक दोन मुद्दे. सलग परिच्छेद लिहिला तर तपासणाऱ्याला मुद्दा शोधावा लागतो, एकेक मुद्दा नव्या ओळीवर घ्या. फरक सांगताना दोन्ही रकान्यांत एकाच निकषावर बोला. एकीकडे जागा आणि समोर कार्य लिहिलं तर तो फरक होत नाही. ‘कारण द्या’ या प्रश्नाला व्याख्या लिहून भागत नाही, तुमच्या साखळीतली ‘म्हणून’ असलेली ओळ तिथे हवी. प्रश्नात मागितली नसली तरी बीजांड, नेफ्रॉन, हृदय, न्यूरॉन यांच्यावरच्या ४ गुणांच्या उत्तरात लहान, नावं दिलेली आकृती काढा.

उरलेल्या १८ मिनिटांत उत्तरं पहिल्यापासून वाचत बसू नका. तीनच गोष्टी तपासा: प्रत्येक आकृतीची प्रत्येक रेघ नावाला आणि भागाला टेकली आहे का, संकरांच्या गणितात शेवटचं वाक्य लिहिलंय का, आणि प्रश्नांचे क्रमांक बरोबर पडलेत का.